साहेबानं नंतर जोडलेल्या दोन कमानी

तुमचा साहेब अजून घरातच आहे. पुढच्या खोलीत, खिडकीशेजारच्या भिंतीवर, टोपी काखेत धरून आणि मिशा ओठांवर सोडून उभा. तेरवीच्या दिवशी तुमचा फोटो पाटावर मांडला होता. शेजारची म्हातारी, जिला आता धड दिसत नाही, ती हातातला हार घेऊन थेट साहेबाच्या फ्रेमकडे निघाली. मी म्हटलं, "आजी, तो नोहे. तो तं पयलेच मेला हाय." बाया एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. मला हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग रडू. तुम्ही गेल्यापासून मी नीट रडले नव्हते. नर्सची नोकरी केलेल्या बाईला लोकांसमोर रडता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुमच्या साहेबानं ते काम करून दिलं, एवढं त्याच्या खात्यावर जमा करते.

भेटायला येणारे म्हणतात, सरांनी साकोलीत किती पोरांना भूगोल शिकवला. शिकवला खरा. पण भूगोल ही तुमची नोकरी होती, आणि साहेब हा तुमचा नाद होता. आपलं लग्न झालं तेव्हा घरात आपण दोघंच होतो. साहेब नंतर आला, आणि आला तो बसलाच. लोकांच्या घरी सवत येते ती नटूनथटून येते. माझी सवत दीडशे वर्षं जुनी, मिशीवाली, आणि फौजेतली.

कॅप्टन हार्कस्टोन. आमच्या माहेरचे लोक त्याला हरकूसाहेब म्हणतात. तुम्ही लिहिलेलं त्याचं चरित्र मला तोंडपाठ आहे, आणि त्यातलं एक अक्षर मी वाचलेलं नाही. सगळं स्वयंपाकघरात ऐकलेलं. वरणाला फोडणी देताना तो जन्मला, कुठल्याशा थंड गावात, गरीब पाद्र्याच्या घरी, भावंडांच्या लेंढारात. भात उतरवताना तो कंपनी सरकारच्या लष्करी शाळेत गेला. तिथं गणितात हुशार निघाला, म्हणून त्याला तलवार न देता दुर्बीण आणि साखळी दिली आणि इंजिनेर पलटणीत घातलं. मी विचारलं होतं, फौजेत इंजिनेर कशाला लागतो? तुम्ही हातातला घास तसाच ठेवून म्हणालात, "बाकी फौज लढते. हे तिच्या पुढं जाऊन वाट खंदतात." त्या दिवशी भात गार झाला आणि साहेब जहाजातून मद्रासला उतरला.

मग ब्रह्मदेशची लढाई. साहेबानं नावा एकीला एक बांधून नदीवर पूल केला आणि त्यावरून तोफा पार नेल्या. तिथंच तापानं अर्धा मेला. मी विचारलं, कोणता ताप? थंडी वाजून येत होता का, एक दिवसाआड होता का? तुम्ही इतके खूश झालात की बस. लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोनं साहेबाची चौकशी केली होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही नागपूरला पत्र टाकलं, साहेबाच्या तापाची माहिती कुठं मिळेल म्हणून. मी डोक्याला हात लावला.

त्या तापातून उठल्यावर त्याला कामठीच्या छावणीत पाठवलं, आणि तिथून त्याच्याकडे आपला रस्ता आला. नागपूरहून भंडारा, भंडाऱ्याहून साकोली, आणि पुढं जंगलातून छत्तीसगडाकडे. रेल्वे तेव्हा आलेली नव्हती. साहेब तंबूत राहिला, पावसाळ्यातही राहिला. प्रत्येक नाल्याशी बसून त्यानं पाणी बघितलं आणि मोऱ्या नि पूल बांधले. तुम्ही म्हणायचे, आज आपण ज्या वाटेनं बसमध्ये झोपा काढत जातो ती या माणसानं पायांनी मोजली. पुढं तो कर्नल झाला, दुसऱ्या मुलखात कालवे काढले, छातीवर पदक लागलं, आणि म्हातारपणी मायदेशी बहिणीच्या घरी वारला. त्यानं लग्न केलंच नाही. "त्याचं लगन रस्त्याशी लागलं," तुम्ही म्हणायचे. "अन् तुमचं त्याच्याशी," मी म्हणायची.

हे सगळं सुरू कुठं झालं ते आपल्या दोघांनाही माहीत होतं, पण त्यावर आपण कधी सरळ बोललो नाही. आज बोलते. आता तुम्ही मध्ये तोडणार नाही.

माझं माहेर म्हणजे तलावाचं गाव. आमची माणसं कोहळी. इंग्रज यायच्याही आधी ज्यांनी या झाडीत पाळी घालून पाणी अडवलं, त्यांची आम्ही लेकरं. गावाच्या वरच्या अंगाला तलाव, त्याची पाळ, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा उंच बांध, पाळीच्या पोटातून शेतांकडे पाणी सोडायचा दगडी तुडुम, आणि एका टोकाला सांडवा, म्हणजे तलाव भरला की जास्तीचं पाणी नाल्यात निघून जायची वाट. दसऱ्याच्या सुमारास पाऊस मागं हटतो आणि उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला शेवटचं पाणी लागतं. तेव्हा एक दिवस ठरवून गाव तुडुम उघडतं. पूर्वी लाकडी बूच होतं, आता लोखंडी दांडा आहे. शेती असलेल्या प्रत्येक घरचा एक माणूस पाळीवर चढतो, आपल्या घराच्या मूळ पुरुषाचं नाव मोठ्यानं सांगतो आणि दांड्याला हात लावतो. बुधाचं घर, रामाजीचं घर, असं. सगळ्यांचे हात लागले की दांडा वर जातो.

आमच्या घरचं कोणी चढत नसे. आमची माणसं पाळीच्या खाली, नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, तोंडाशी उभी राहायची. पाणी आम्हालाही बरोबरीनं मिळायचं. कोणी वाईट बोलायचं नाही, लग्नाकार्यात मान असायचा. फक्त त्या दिवशी आम्ही खाली. मी लहानपणापासून तेच बघितलं, म्हणून मला त्यात काही वाटत नव्हतं. वाटायचं बंद झालं होतं, असं म्हणा.

लग्नाच्या पहिल्या दसऱ्याला तुम्ही सासुरवाडीला आलात, आणि नवं काही दिसलं की चढून बघायची तुमची खोड. सरळ पाळीवर गेलात. बाबा खालून म्हणाले, "जवाईबापू, खाली या. आपल्या घरचं मानूस आजच्या दिशी पाळीवर चढत नाही." दुसरा कोणी जावई असता तर मुकाट उतरला असता आणि घरी येऊन बायकोला विचारलं असतं. तुम्ही सगळ्या गावासमोर विचारलं, "काहून?"

आमच्या चार पिढ्यांत तो शब्द कोणी उच्चारला नव्हता. बाबा खाली बघायला लागले. शेवटी गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, "डोमा झोपला अन् पाळ फुटली."

ती आमच्या गावची म्हण आहे. दूध उतू गेलं, बकरी शेतात शिरली, पोरगं परीक्षेत नापास झालं, की लोक म्हणतात, डोमा झोपला अन् पाळ फुटली. डोमाजी माझे खापरपणजोबा. साहेबाचा रस्ता झाला त्याच साली मोठा पाऊस आला, तलाव काठोकाठ भरला. तुडुमाची राखण डोमाजीकडे होती. तो मोहाची पिऊन झोपला, तुडुम उघडला नाही, आणि पहाटे पाळ फुटून उभा धान वाहून गेला, गुरं गेली, दोन माणसंही गेली. अशी गोष्ट. पाळ पुन्हा बांधून काढली तेव्हापासून आमचं घर खाली उभं राहिलं.

परत येताना मी सायकलवर मागं बसले होते. तुम्ही एवढंच विचारलंत, तो रस्ता कोणी बांधला. मी म्हटलं, हरकूसाहेबानं. असा तो आपल्या घरात आला. तुम्ही त्याच्या मागे लागलात ते माझ्या बाबांच्या खाली गेलेल्या मानेसाठी की तुमच्या स्वतःच्या खाजेसाठी, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही रस्त्याच्या खडीवर बोलायला लागला असता.

गंमत अशी की पहिली वीसेक वर्षं तुमच्या साहेबानं आमच्या घराला काहीच दिलं नाही. उलट गोष्ट पक्की केली. नागपूरच्या जुन्या दप्तरात तुम्हाला त्याचा छापील अहवाल मिळाला. त्यात एक ओळ होती, की पाळ फुटली ती डोमा राखणदाराच्या हयगयीमुळे. तुम्ही ती ओळ मला वाचून दाखवलीत, आणि हळूच म्हणालात, "मंग खरंच असंल." साहेब खोटं लिहील हे तुमच्या मनाला शिवत नव्हतं. मी त्या दिवशी तुमच्याशी भांडले. म्हटलं, "पिऊन झोपलेला मानूस साहेबानं डोळ्यानं पाहिला का? त्याचा तंबू कोठी होता?" तुम्ही म्हणालात, तपासतो. आणि तपासत राहिलात, हे तुमचं मोठेपण. भांडणात बायको जे बोलते ते तुम्ही टिपून ठेवायचे आणि त्यावर काम करायचे.

तुम्ही रिटायर झालात, पाठोपाठ मीही झाले, आणि आपण उन्हाळ्यात माहेरच्या जुन्या पुलाखाली जाऊन बसायला लागलो. हायवे बाजूनं गेला आणि साहेबाचा तो पूल शेतांच्या मधोमध एकटा उरला. तीन कमानी, खाली कोरडा नाला, सावलीला शेळ्या. डब्यात झुणका-पोळी. तुम्ही नेहमीप्रमाणे पुलाचं कौतुक करत होतात, आणि मी दगडाला टेकून वर बघत होते. मधली कमान काळ्या दगडाची, चोख घडवलेली. दोन्ही बाजूच्या कमानी तांबूस दगडाच्या, आणि मधल्या कमानीच्या खांबांना त्या जिथं भिडतात तिथं वरपासून खालपर्यंत सरळ रेघ. मी आयुष्यभर बायांच्या पोटावरचे टाके बघितले. माझ्या तोंडून निघून गेलं, "हे तं मांगून शिवलेलं हाय."

तुम्ही चावायचं थांबलात. उठून त्या रेघेशी गेलात, फट पडली होती तिथं बोटं घातलीत, टॉर्च मारलात. आतला दगडही घडीव होता. बाहेरच्या भिंतीला चालवतात तशी त्यावर छन्नी चालवून त्याचं तोंड तासलेलं, आणि ते तोंड आता भिंतीच्या आत गाडलेलं. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "जो दगड झाकाचा हाय, त्याले कोन घडवते?" म्हणजे मधली कमान हाच पहिला पूल होता. एकच कमान, अरुंद. बाजूच्या दोन साहेबानं नंतर जोडल्या; पुढच्याच उन्हाळ्यातला तो खर्च तुम्ही दप्तरात बघितला होता, पण कशाचा ते तेव्हा कळलं नव्हतं. धडधाकट पूल वर्षाच्या आत फोडून रुंद करायची वेळ बांधणाऱ्यावर कधी येते, हे मला तुम्ही सांगावं लागलं नाही.

मग ती पाण्याची नळी. गवंडी भिंतीची पातळी बघतात तसली पारदर्शक नळी, तिच्यात पाणी. एक टोक तुमच्या हातात आणि दुसरं माझ्या, आणि मध्ये शेताचे बांध. सांडव्यापासून पुलापर्यंत आपण ती टप्प्याटप्प्यानं नेली. बांधावरून बाया हसत होत्या, की सिस्टर नि सर म्हातारपणी दोरीवरच्या उड्या खेळून राहिले. मी तुमच्यावर ओरडत होते, नळी सरळ धरा, बुडबुडा आला. तुम्ही माझ्यावर ओरडत होते, हलू नको. त्या दिवसाइतकी मी तुमच्यासोबत कधी हिंडले नाही, आणि तितकी खूशही कधी नव्हते. हे तिथंच सांगायला हवं होतं. मी सांगितलं की पाय दुखतात.

पातळी बघितल्यावर गोष्ट उघडी पडली. साहेबाच्या रस्त्याचा भराव सांडव्यापेक्षा उंच होता. सांडव्याचं पाणी नाल्यानं खाली आलं, अरुंद कमानीत तुंबलं, भरावाला अडून मागं फुगलं, फुगत फुगत पुन्हा सांडव्याशी येऊन भिडलं. सांडवा वाहायचा थांबला आणि तलाव पाळीवरून गेला. तुडुमाचं भोक ते केवढं. डोमाजीनं तो उघडला असता तरी तेवढ्या पाण्याचं काही बिघडलं नसतं. नागपूरहून तुमच्या ओळखीचे पूल बांधणारे एक रिटायर इंजिनेर येऊन बघून गेले. तेही तेच म्हणाले. डोमाजी त्या दिवशी पिऊन झोपला होता की नव्हता, ते कोणालाच कळणार नाही. पण पाळ त्याच्या झोपेनं फुटली नव्हती.

मला वाटलं तुम्ही नाचाल. तुम्ही आठ-पंधरा दिवस साहेबाचं नावच काढलं नाही. जेवताना ताटाकडे बघायचे. घर कसं सुनं सुनं झालं. शेवटी मीच म्हटलं, अहो, साहेब पदक घ्यायला गेला होता, त्याचं पुढं काय झालं? तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "त्याले मालूम होतं. दोन कमानी जोडल्या म्हनजे मालूम होतं. अन् तरी त्यानं डोमाचं नाव लिवलं."

तिथून आपला जो वाद सुरू झाला तो तुम्ही अर्धाच सोडून गेलात. तुमचं म्हणणं, साहेब परत आला ना. कोणी तक्रार केली नव्हती, कोणी बोलावलं नव्हतं, तरी पुढच्या उन्हाळ्यात येऊन त्यानं पूल रुंद केला, आणि त्यानंतर ती पाळ कधी फुटली नाही. इंजिनेर माणूस माफी मागतो ती अशीच, चुकलेलं दुरुस्त करून. तो मनातून खजील झाला असेल. माझं म्हणणं, मनातलं चाटायचं का? दवाखान्यात एखादीला चुकीचं औषध गेलं तर नुसतं बरोबर औषध देऊन भागत नाही. तिच्या माणसांना तोंडानं सांगावं लागतं, नाहीतर ते घर जन्मभर म्हणत राहतं की बाईनंच पथ्य पाळलं नाही. दोन कमानी बांधायला त्याच्याकडे चुना होता, दगड होता. एक वाक्य बोलायला नव्हतं? तुम्ही म्हणायचे, तू त्याच्या जागी नव्हती. मी म्हणायची, तुम्ही डोमाच्या जागी नव्हते. मग आपण चहा प्यायचो.

पण एक सांगते. तुम्ही साहेबाच्या चरित्रात ते सगळं लिहिलंत. ज्या माणसाला बापासारखं मानलं त्याच्या चुकीचं प्रकरण तुम्ही सगळ्यांत मोठं लिहिलंत, आणि ब्रह्मदेशच्या पुलाला दिली तेवढीच मेहनत त्याला दिलीत. मला तुमचा अभिमान वाटायचा तो तुमच्या चिकाटीचा नव्हे. चिकाटी घोरपडीलाही असते. आवडत्या माणसाचं खोटं दिसलं तेव्हा तुम्ही तोंड फिरवलं नाहीत, त्याचा वाटायचा. आणि ते लिहून तुम्ही त्याचा फोटोही उतरवला नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "चुकला म्हनून घराबाहेर काढाचं असते का?"

गेल्या वर्षी, तुडुमाच्या आदल्या दिवशी, तुम्ही मारुतीच्या देवळासमोर गावाला सगळं सांगितलंत. मी बायांमध्ये बसले होते. तुळशीराम काकांनी, जे तलावाचं सगळं बघतात, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, तुमी जवाई हाय. जवाई सासऱ्याच्या घराची बाजू घेनारच." लोक हसले. मला ते हसू जिव्हारी लागलं. तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, पुलावर चला. आणि निम्मं गाव घेऊन उन्हात पुलावर गेलात, भिंतीतला तो तासलेला दगड दाखवलात, नळी धरून दाखवलीत. म्हणालात, "हा साहेब मले बापासारखा हाय. मी बाजू घेतली असती तं त्याची घेतली असती."

लोक दगडाला हात लावून बघून घरी गेले. सगळ्यांत वाईट म्हणजे माझा सख्खा भाऊ सुखराम तुमच्यावर रागावला. बाबांनंतर घरचा तोच. तो म्हणाला, "कायले उकरून काढता, भाऊजी? डोमाच्या नावानं आमी रातभर पाळ राखतो. कोठी उंदराचं बीळ दिसलं तं पयले आमी बुजवतो. ते नावच गेलं तं कोन राखन?" दुसऱ्या दिवशी तुडुम उघडला. सुखराम खालीच उभा राहिला, आणि तुम्ही त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिलात. सगळं पूर्वीसारखं. येताना गाडीत मी म्हटलं, एवढी वर्षं गेली आणि मिळालं काय? तुम्ही म्हणालात, मी सांगितलं, माझं काम झालं. मला ते पटलं नाही. तुम्हाला पटलं होतं की नाही, तेही मला आता विचारता येणार नाही.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात तुम्ही गेलात. दुपारी जेवून आडवे झालात आणि उठला नाहीत. मी इतक्या लोकांच्या नाड्या बघितल्या, तुमची बघायला हात पुढं जाईना. ते मी इथं जास्त लिहीत नाही. तुम्हाला असलं वाचायला आवडायचं नाही.

तुळशीराम काका तेरवीला आले होते. जेवले, हात धुतले, साहेबाच्या फोटोसमोर थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. मग परवा, तुडुमाच्या दिवशी सकाळी, दारात जीप थांबली आणि काका स्वतः उतरले. म्हणाले, चाल बाई, गावानं बोलावलं आहे. मी म्हटलं, काका, मी अशी, दोन महिनेही झाले नाहीत, चांगल्या कामाला माझा पाय कशाला? ते म्हणाले, पाणी सोडायला कपाळ बघत नाहीत. मी साहेबाला म्हटलं, घर सांभाळ, आणि निघाले.

पाळीवर सगळं गाव होतं. सुखराम खाली, नहराच्या तोंडाशी, आपल्या जागी. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. काका धापा टाकत वर चढले, दांड्याशी गेले आणि खाली आमच्याकडे वळले. नेहमी मूळ पुरुषाचं नाव घेतात, तसं घ्यायचं सोडून त्यांनी डोक्याची टोपी काढली.

"सुखराम," ते म्हणाले, "डोमा झोपला म्हनून पाळ फुटली, असं आमी म्हनत आलो. माह्या बापानं म्हटलं, मीबी म्हटलं. ते खोटं होतं. सर सांगून गेले, तवा मी त्यायले हसलो. माहं चुकलं. वर ये."

अहो, आपला वाद मी तिथंच जिंकले. काकांनी एक दगड रचला नाही, एक कमान बांधली नाही. टोपी काढली आणि तोंडानं बोलले. पाळीखाली उभी राहिलेली आमची सगळी पिढ्यान्पिढ्यांची माणसं त्या चार वाक्यांत वर आली. तुमच्या साहेबाला हे जमलं नाही. तुम्हाला जमलं, म्हणून काकांना जमलं. जिंकूनही मला तुमच्याकडेच बघावंसं वाटत होतं, आणि तुम्ही नव्हता.

सुखरामचा पाय उचलत नव्हता. साठीचा माणूस, रोज त्याच पाळीवर विळा घेऊन फिरणारा, पण त्या दिवशीची ती चढण त्याला चढता येईना. "बाई, मले नाही जमत," तो म्हणाला. मी त्याचा दंड धरला. म्हातारं माणूस खाटेवरून उठवताना धरतात तसा धरला आणि दोघं वर गेलो. लोकांनी वाट दिली.

एकेक घर नाव सांगत गेलं. बुधाचं घर. रामाजीचं घर. आमची पाळी आली तेव्हा सुखरामनं दांड्यावर हात ठेवला आणि नुसता उभा राहिला. गाव थांबलं. मग तो पार पलीकडच्या काठापर्यंत जाईल एवढ्यानं म्हणाला, "डोमाचं घर."

मला वाटलं झालं, आता दांडा उचलतील. पण त्यानं हात काढला नाही. माझ्याकडे न बघता, तलावाकडे बघत, तो पुन्हा म्हणाला, "अन् आमच्या जवायाचं."